पिंजऱ्यासकट भाड्याने घर शोधताना

पर्वरी, म्हापसा, मडगाव, कुठेही फ्लॅट बघायला जा, दलालाला पहिल्याच फोनवर सांगा: घरात दोन कॉकाटील (पोपटासारखे शिट्टी घालणारे पक्षी) आणि एक मांजर आहे. लपवून घर घेतलं तर तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला शिट्टी ऐकूनच मालकाला कळतं, आणि मग मन कडू होतं. आम्ही मालकिणीला पिंजऱ्याचा फोटो आधीच पाठवला. खालचा ट्रे रोज धुतो, दाणे सांडू नयेत म्हणून भोवती कापडी जाळी बांधतो, एवढं दिसल्यावर त्यांचा सूरच बदलला.

सोसायटी अडवत असेल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवा. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. पण मालकाची संमती वेगळी. ती अकरा महिन्यांच्या करारात प्राण्यांच्या संख्येसह लिहून घ्या. तोंडी ‘चालेल’ला अर्थ नाही.

आपला देशी हिरवा पोपट मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पाळताच येत नाही. बजरीगर, कॉकाटील, लव्हबर्ड हे परदेशी पक्षी, त्यांचं वेगळं.

घर शक्यतो पावसाळ्यातच बघा. कपाटामागे हात फिरवा, भिंतीला ओल आणि बुरशीचा वास असेल तर ते घर सोडा. पाखरांची फुप्फुसं फार नाजूक असतात. पिंजरा स्वयंपाकघरापासून लांब राहील का, तेही पाहा. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत दगावतो.