पाय मुरगळलाय? मग कबड्डी सगळ्यात शेवटी

आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात शाळांच्या मॅचेस ऐन पावसात येतात. मैदानावर लाल चिखल, आणि एकच पोर सकाळी ८०० मीटर पळते, दुपारी खो-खोत असते आणि कबड्डीतही तिचंच नाव. हायस्कुलात पीटी शिकवताना मुरगळलेले घोटे इतके बघितलेत, की पोर वर्गात कशी बसलीय त्यावरून कुठला पाय ते सांगते. हे लिहितेय ते अशा पोरींसाठी, आणि थोडं त्यांच्या आज्ज्यांसाठी. पोरांनीही वाचलं तर चालेल.

आधी घरी न्यायचं की एक्स-रेला, ते ठरवा. लंगडत का होईना, चार पावलं टाकता येत नसतील तर एक्स-रे. येत असली तरी घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं वर आलेली असतात, त्यांची मागची कड बोटाने दाबून बघा. करंगळीच्या रेषेत, पावलाच्या मध्यावर बाहेरून एक उंचवटा लागतो, तोही दाबा. तसंच आतल्या बाजूला, कमानीच्या वरचं हाड. हाडावरच कळ आली तर एक्स-रे. वाढत्या वयात हाडाच्या टोकाची वाढीची पट्टी लिगामेंटपेक्षा, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या दोरीपेक्षा, कच्ची असते, म्हणून ‘नुसतं मुरगळलंय’ म्हणत बसू नका. गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज येऊन तो दोन-चार तासांत फुगला, तर पुढचं वाचत बसू नका, हाडांच्या डॉक्टरकडे जा. त्यात लिगामेंट तुटून ऑपरेशन झालं तर नऊ महिन्यांच्या आत मॅच नाही, कोण कितीही मागे लागू दे.

पहिले दोन-तीन दिवस बर्फ, पट्टी आणि पाय उशीवर. बर्फ नसेल तर दुकानातल्या पेप्सीच्या कांड्या ओल्या टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवायच्या, थेट कातडीवर नाही. गरम विटेचा शेक नको, चोळणं नको, ओढून ‘बसवणं’ तर नकोच. आज्जी, आंबेहळदीचा लेप लावा तुम्ही, पण गार करून, आणि हात हलका.

सूज उतरायला लागली की काम सुरू. कॉटवर बसून पायाच्या अंगठ्याने हवेत मुळाक्षरं काढायची, अ पासून ज्ञ पर्यंत. मग कन्नडची. आमच्याकडच्या पोरांना दोन्ही येतात, आणि कन्नडच्या गोल वळणांनी घोटा जास्त फिरतो असं माझं आपलं मत. त्यानंतर पायरीच्या कडेला चवड्यावर उभं राहून टाच वर-खाली. आणि दात घासताना एका पायावर उभं राहणं. हे शेवटचं पोरी हसण्यावारी नेतात. पण लिगामेंट ताणलं गेलं की आपण कुठे टेकतोय याची खबर घोट्याला उशिरा लागते, तो तोल परत शिकवावाच लागतो.

तोवर बाकीचं अंग झोपवायचं नाही. गुडघे टेकून दंड, पोटाचे व्यायाम रोज. मलप्रभा नदीत पोहून ये असं मात्र मी पावसाळ्यात कुणाला सांगणार नाही. माझी नववीतली एक रेडर घोटा बांधून लाइनीबाहेर बसायची आणि वहीत लिहायची: ही बोनसला कुठला पाय टाकते, ती टच झाल्याबरोबर कुठल्या बाजूला वळते. परत आली तेव्हा डिफेन्समध्येही तिला घेता आलं.

आता परत कधी यायचं? चालायला दुखत नाही म्हणजे खेळायला तयार, असं नाही. दोन्ही पाय एकमेकांशी ताडून बघायचे. एका पायावर लांब उडी मारून टेपने मोजा: चांगला पाय १५० सेंमी जात असेल तर दुखऱ्याने १३५ तरी गाठले पाहिजेत. त्या एकाच पायावर टाच वीसदा उचलता आली पाहिजे, न दुखता. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूज दिसता कामा नये.

मग एकेक खेळ. आधी सरळ पळणं, मग आठच्या आकड्यात पळणं. हे जमलं की खो-खो, तेही खांबाजवळचं चेसिंग सोडून, कारण खांबाला वळताना सगळा भार एका घोट्यावर येतो. कबड्डी शेवटी. बाकीच्या खेळांत तुमचा घोटा तुमच्याच ताब्यात असतो, इथे समोरची तो धरूनच ओढते. पहिले काही दिवस सरावात हिचा घोटा धरायचा नाही, हे टीमला आधीच बजावून ठेवा.

एवढं सांगितलं की पालक म्हणतात, “टीचर, तीन-तीन खेळ कशाला? एक काय ते धरू दे की.” मी बेळगावजवळच्या तुरमुरी गावच्या मलप्रभा जाधवचं नाव घेते. मूळची ज्युदोची, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ब्राँझ आणलं ते कुराश नावाच्या कुस्तीत. एका खेळातलं दुसऱ्यात कामाला येतं. फक्त दुखापतीच्या वर्षी एक खेळ सोडायचा, आणि कुठला सोडायचा ते पोरीने सांगायचं, बापाने नाही.

घोट्याला आधार देणारा ब्रेस पुढे सहा महिने तरी खेळताना घाला. मोज्यावरून घालायचा, नाहीतर घासून फोड येतात. आणि बूट त्यावर बसतो का ते आदल्या आठवड्यातच बघून ठेवा, मॅचच्या सकाळी नाही.