आई-वडिलांना आतड्याच्या तपासणीसाठी कसं तयार करावं

मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुतेक वेळा आतल्या अस्तरावरच्या लहान गाठीतून, म्हणजे पॉलिपमधून होतो. त्याला साधारण दहा वर्षं लागतात. इतका वेळ हातात असूनही माणसं दवाखान्यात पोहोचतात ती उशिरा. आपल्या सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर पाहतात, आतड्याचा नाही. त्यामुळे आशाताई येऊन विचारतील याची वाट बघू नका. पुढाकार घरातूनच घ्यावा लागतो.

आधी रक्ताचं विचारा. परसाकडला रक्त पडलं की आपल्याकडे एकच उत्तर ठरलेलं असतं: मूळव्याध. मग गावच्या भिंतीवरची जाहिरात बघून औषध सुरू होतं आणि महिने निघून जातात. रक्त पडत असेल, शौचाची सवय काही आठवड्यांपासून बदलली असेल, वजन उतरत असेल किंवा कारण नसताना रक्त कमी झालं असेल, तर घरगुती चाचणीच्या भानगडीत पडू नका. सरळ डॉक्टरांकडे जा.

त्रास नसेल तर सोप्या चाचणीने सुरुवात करा. "मला काय धाड भरलीय?" म्हणणाऱ्या वडिलांपुढे पहिल्याच दिवशी दुर्बिणीचं, म्हणजे नळी घालून आतडं आतून पाहणाऱ्या कोलोनोस्कोपीचं, नाव काढू नये. शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी ‘फिट’ चाचणी दरवर्षी करायची असते आणि तिला पथ्य लागत नाही. अमेरिकेत तपासणी ४५व्या वर्षी सुरू करायला सांगतात. आई, वडील किंवा भावंडाला हा कॅन्सर झाला असेल, तर ४०व्या वर्षी किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा, थेट दुर्बिणीबद्दलच डॉक्टरांशी बोला.

नमुना कसा घ्यायचा, हे लाजेपोटी कोणी विचारत नाही, म्हणून तुम्हीच सांगा. भांड्यावर जुना पेपर पसरायचा, शौच पाण्यात पडू द्यायचं नाही, डबीच्या काडीने दोन-तीन ठिकाणी टोचून काडी परत डबीत घालायची. उन्हाळ्यात डबी गाडीच्या डिकीत ठेवू नका. उष्णतेने नमुन्यातलं रक्त विघटित होतं आणि अहवाल खोटाच चांगला येऊ शकतो. सकाळी लवकर प्रयोगशाळेत पोहोचवा.

अहवालात रक्त आलं तर कोलोनोस्कोपीच करा. "पुन्हा एकदा करून बघू" म्हणत तीच चाचणी परत करणं मला घातक वाटतं.

इथे खरी अडचण पाण्याची असते. आदल्या संध्याकाळपासून औषधाचं पाणी पिऊन पोट साफ करावं लागतं आणि रात्रभर संडासला पळावं लागतं. टँकरच्या दिवसांत, अंगणापलीकडच्या संडासात, साठीच्या बाईने हे कसं करावं? म्हणून शहरातल्या नातेवाइकाकडे आदल्या दिवशीच मुक्कामाला जा. ऊसतोडीच्या घरांनी पोळ्यानंतर, दसऱ्याच्या आत हे उरकावं. तेव्हा पाणीही असतं आणि माणसंही गावात असतात. साखरेच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांचं काय करायचं, हे आधीच विचारून घ्या. आईला बाई नर्स हवी असेल तर नाव नोंदवतानाच सांगा. गुंगीचं औषध देतात, त्यामुळे सोबतीला माणूस हवाच आणि त्या दिवशी मोटारसायकल चालवायची नाही.

पैशाचं आधी बोला. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधार दाखवून त्याला दोन गोष्टी वेगळ्या विचारा: उपचार योजनेत बसतात का, आणि तपासणी बसते का. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे आणि ७५च्या पुढे प्रवास मोफत.

तपासणीत पॉलिप निघाला तर बहुधा तिथेच काढून तपासायला पाठवतात. तो अहवाल आणायला स्वतः जा आणि पुढची तपासणी कधी, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. काहीच निघालं नाही तर साधारणपणे पुढची कोलोनोस्कोपी दहा वर्षांनी.