बर्फातला उतार आणि छोटी गाडी: गिअर आधी, ब्रेक नंतर

नाताळच्या सुट्टीत ग्वाल्हेरहून आपली ऑल्टो नाहीतर वॅगनआर घेऊन मनाली गाठणार असाल, तर टायर-बॅटरी तुम्ही बघितलीच असेल. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) मात्र पुन्हा बघा. उन्हाळ्यात आपल्याकडे सर्रास नुसतं पाणी ओततात, ते तिथे गोठतं.

बर्फात पकड देणाऱ्या साखळ्या पुढच्या चाकांना लावायच्या, कारण या गाड्यांत इंजिनचा जोर पुढच्याच चाकांवर असतो. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उचला, क्लच अगदी सावकाश सोडा. चाक जागच्या जागी फिरायला लागलं तर रेस वाढवू नका. खालचा बर्फ आणखी गुळगुळीत होतो.

खरी परीक्षा उताराची. अटल बोगदा (हो, आपल्या ग्वाल्हेरच्या अटलजींच्या नावाचा) २०२० साली सुरू झाल्यापासून हिवाळ्यातही लोक सहज बोगद्यापलीकडच्या सिस्सूला जाऊन येतात. पण बोगद्याचं तोंड ३,००० मीटरच्या वर आहे आणि तिथून सोलंगपर्यंत उतारच उतार. ऊन न पोचणाऱ्या वळणांवर रस्ता नुसता ओला दिसतो, असतो मात्र काचेसारखा गोठलेला.

इथे “न्यूट्रल करा, पेट्रोल वाचेल” असं सांगणाऱ्याचं मुळीच ऐकू नका. गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की आजच्या गाड्यांचं इंजिन पेट्रोल बंदच करतं. न्यूट्रलमध्ये उलट ते जळत राहतं. त्याहून वाईट म्हणजे गाडीला आवरणारं इंजिनच तुम्ही सोडून देता.

उतार सुरू होण्याआधी, सपाटीवरच, पहिला किंवा दुसरा गिअर टाका आणि डावा पाय क्लचवरून काढून बाजूला ठेवा. तो पाय क्लचवर नुसता टेकवायचीही सवय मोडा. घाबरलं की तो आपोआप दाबला जातो आणि गाडी सुटते. उतारावर गिअर खाली आणायची वेळ आलीच तर क्लच हळूहळू सोडा. झटक्याने सोडलात तर पुढची चाकं अडकून घसरतात. असं झालं तरच क्लच पुन्हा दाबा, चाकं फिरू द्या, मग सावकाश सोडा.

ब्रेक वळणाआधी, सरळ रस्त्यावर, हलक्या पायाने. वळणात चाकं अडकली तर स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. ब्रेक सोडा, मग वळेल. एबीएस (ब्रेक मारताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा) असेल तर ब्रेक दाबल्यावर पायाखाली पेडल थरथरतं, कर्र कर्र आवाज येतो. बिचकून पाय उचलू नका, तो एबीएसचा नेहमीचा आवाज आहे. आणि हँडब्रेक ओढायचा नाही, मागची चाकं अडकून गाडी आडवी होते.

ताजा बर्फ पडल्यावर पोलीस फोर-बाय-फोर (चारही चाकांवर इंजिनचा जोर असलेल्या) गाड्यांशिवाय कुणाला पुढे सोडत नाहीत. हुज्जत न घालता मागे फिरा.

रात्री गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. हँडब्रेक ओढून ठेवलात तर तो गोठून अडकतो. सकाळी काचेवर उकळतं पाणी ओतू नका, काच तडकते.