व्हॅनमधला फ्रिज रात्री बंद पडतो? आधी वायर तपासा

बॅटरी भरलेली असूनही १२ व्होल्टचा फ्रिज मध्येच बंद पडत असेल, तर नवी बॅटरी घेण्याआधी मल्टिमीटर काढा. बहुतेक वेळा दोष बारीक वायरचा किंवा ढिल्या जोडाचा असतो.

१. कॉम्प्रेसर चालू असतानाच बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. फ्रिज बंद असताना मोजलंत तर वायरमध्ये होणारी व्होल्टेजची घट दिसणारच नाही, आणि इथेच बरेच जण फसतात.
२. लगेच फ्रिजच्या प्लगजवळ मोजा.
३. फरक ०.४ व्होल्टपेक्षा जास्त आला, तर वायर बदला.

वायरची लांबी जाऊन-येऊन धरायची. फ्रिज बॅटरीपासून ६ मीटरवर असेल तर हिशेब १२ मीटरचा. ५ अँपिअरला २.५ चौ. मिमी तांब्याच्या वायरमध्ये सुमारे ०.४२ व्होल्ट जातात, ६ चौ. मिमीमध्ये जेमतेम ०.१८. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर याहून बराच जास्त करंट ओढतो. फ्रिजला तेवढ्यात बॅटरी उतरल्यासारखी वाटते आणि तो स्वतःला बंद करतो.

वायर जाड असूनही फरक राहिला, तर फ्रिजचा प्लग ज्यात बसतो त्या सिगारेट-लायटरच्या सॉकेटवर संशय घ्या. गाडीच्या हादऱ्यांनी त्यातला प्लग सैल होतो आणि गरमही होतो. त्याऐवजी लॉक होणारा कनेक्टर लावा.

नव्या वायरला १५ अँपिअरचा फ्यूज हवाच, तोही बॅटरीच्या धन टोकाजवळ. फ्रिजपाशी लावलेला फ्यूज मधल्या वायरला वाचवत नाही.