गॅरेजमधलं शिसं: या चुका टाळा

पेट्रोलमधलं शिसं तर कधीच गेलं, मग आता कसली भीती? असं म्हणणारा मिस्त्री दिवसभरात बॅटरीची टर्मिनलं घासतो, रेडिएटरला सोल्डर मारतो आणि जुन्या रंगावर पॉलिश पेपर फिरवतो. 2021 मध्ये अल्जेरियानेही शिशाचं पेट्रोल थांबवलं आणि जगभरातल्या पंपांवरून ते गेलं, हे खरंच. गॅरेजातली धूळ मात्र तिथेच आहे.

सगळ्यात मोठी चूक हातांची. पेट्रोलने हात पुसले की ग्रीस जातं, नखांतली पूड राहते, आणि त्याच हाताने चहाचा कप, विडी, डबा. बॅटरीतलं किंवा सोल्डरमधलं शिसं कातडीतून फारसं शिरत नाही. ते तोंडातून आणि श्वासातून जातं. रिकाम्या पोटी तर जास्तच शोषलं जातं. म्हणून साबण, नखांचा ब्रश आणि खाण्याची जागा वेगळी.

कॉम्प्रेसरच्या हवेने टेबल झाडू नका. खाली बसलेली धूळ परत नाकासमोर येते. ओलं फडकं फिरवा. तोंडाला बांधलेला रुमाल सोल्डरचा धूर अडवत नाही. कामाचे कपडे घरी नेणं तर त्याहून वाईट, कारण लहान मुलांचं शरीर मोठ्यांच्या कितीतरी पट जास्त शिसं शोषतं.

आता दुखण्याकडे येऊ. पोटात कळ आली की ॲसिडिटीची गोळी, बद्धकोष्ठाला चूर्ण, थकवा आला की टॉनिक, चिडचिड वाढली की "वयच झालं". सगळं एकदम होत असेल तर रक्तातल्या शिशाची तपासणी मागा. नेहमीचा हिमोग्लोबिनचा रिपोर्ट चांगला आला म्हणून गप्प बसू नका. प्रति डेसिलिटर 5 मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लांब सुट्टीनंतर लगेच तपासलंत तर आकडा फसवा असतो. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्मं होतं, हाडांतलं वर्षानुवर्षं राहतं. रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा त्रास त्यातूनच पुढे उभा राहतो.

आणि शिसं बाहेर काढणारी औषधं? ती डॉक्टरांनीच ठरवायची. औषध घेत त्याच धुळीत काम करत राहिलात तर शिसं आणखी शोषलं जाऊ शकतं. तेव्हा डॉक्टरांना आपलं काम नेमकं सांगा. नुसतं "गॅरेजात आहे" म्हणून भागत नाही.