जुनी दणकट बाईक नव्याने घडवताय? या चुका टाळा

१९८५ साली आलेल्या यामाहा व्ही-मॅक्सच्या दोन्ही बाजूंचे हवा ओढणारे मोठे स्कूप निव्वळ शोभेचे होते. टाकीही खोटीच, पेट्रोल सीटखाली. २००९ च्या नव्या अवतारात कंपनीने तोच तोरा ठेवला, स्कूप मात्र खरे केले आणि आतला सांगाडा पार बदलला. गोव्यात म्हापशा-फोंड्याकडे जुन्या बाईकचं रूप बदलताना हा क्रम नेमका उलटा होतो, आधी रंग आणि सायलेन्सर, सांगाड्याकडे कोणी बघत नाही.

पहिली आणि सगळ्यात महागाची चूक इथेच. जुन्या व्ही-मॅक्सचं इंजिन ११९८ सीसीचं. सहा हजार आरपीएमनंतर व्ही-बूस्टच्या, म्हणजे इंजिनला जादा मिश्रण पुरवणाऱ्या यंत्रणेच्या, झडपा उघडू लागल्या की ती सुसाटायची, पण स्टीलची फ्रेम आणि ४० मिमीचा फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या नळ्या) त्या ताकदीला पुरत नव्हते. वेगात गाडी डोलायची. १९९३ मध्ये फोर्क ४३ मिमीचा झाला. २००९ मध्ये इंजिन १६७९ सीसी आणि ताकद दोनशे हॉर्सपॉवरच्या घरात नेताना कंपनीने ॲल्युमिनियमची नवी फ्रेमच दिली. म्हणून तुमच्या बाईकचं हँडल वेगात थरथरू लागलं, तर इंजिनला हात लावू नका. आधी टायरमधली हवा बघा. मग पुढचं चाक जमिनीवरून उचलून हँडल हळूहळू फिरवा. मधोमध खटकन अडकल्यासारखं वाटलं, तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतलं बेअरिंग, गेला. तो ठीक असेल तर मागचं चाक धरून आडवं हलवा, खेळ लागला तर स्विंगआर्मचं (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचं) किंवा चाकाचं बेअरिंग. एवढं न बघता हँडलची थरथर दाबणारा स्टिअरिंग डॅम्पर लावणं म्हणजे दुखणं झाकणं.

रुंद टायरचा मोह दुसरा. व्ही-मॅक्सचं मागचं चाक १५ इंचांवरून १८ इंचांवर आणि टायर १५० मिमी रुंदीवरून २०० वर गेला, पण रिम आणि स्विंगआर्मही नवे आले. जुन्याच रिमवर रुंद टायर चढवला की तो चिमटतो, माथा उंच होतो, आणि चोर्ला घाटाच्या वळणांवर गाडी विचित्र वागते. फोटोत झकास दिसते, हे मान्य.

तिसरी चूक कार्ब्युरेटरच्या बाईकची. एअर बॉक्स (मूळ एअर फिल्टरचा डबा) काढून सुटे फिल्टर लावले की मधल्या आरपीएमवर पिकअप मार खातो, थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सर फटफटतो. चोक किंचित ओढून बघा. सुधारलं तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, जेटिंग करावं लागेल, म्हणजे पेट्रोल सोडणारे जेट बदलावे लागतील. एकाहून जास्त कार्ब्युरेटर असतील, तर ते सिंक केल्याशिवाय, म्हणजे सगळ्यांचा ओढा सारखा केल्याशिवाय, त्या नादाला लागू नका. खरं तर मूळ बॉक्स परत बसवणं स्वस्त पडतं.

जून ते सप्टेंबर गाडी उभीच राहणार असेल, तर कार्ब्युरेटरच्या वाट्यांतलं पेट्रोल काढून टाका. पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा धरतं. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी ॲल्युमिनियम आणि क्रोम गोड्या पाण्याने धुवून कोरडं करावं, ओल्या गाडीवर प्लास्टिकचं कव्हर घालू नये.

आणि आरसी बुक. कंपनीच्या मूळ तपशिलात बसत नाहीत असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार चालत नाहीत. कलम १८२ए नुसार प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून घ्या, आणि काढलेला मूळ सायलेन्सर भंगारवाल्याला देऊ नका.