विज्ञानाच्या बातमीवरून वाद घालण्याआधी टक्का सोडवा

बातमी शेवटपर्यंत वाचली आहे, हे मी धरून चालतो. मग मूळ संस्थेचं निवेदन काढा, बहुतेकदा ते फुकट मिळतं. खरी मेहनत इथून पुढे आहे.

मी अडकायचो ते आकड्यांपाशी. ऑक्टोबर 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सॉसेज, बेकन, हॅम अशा प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक गोष्टींच्या पहिल्या गटात घातलं. तंबाखूही त्याच गटात आहे. मामांनी बातमी पाठवली: सॉसेज म्हणजे सिगारेटच. बातमी खोटी आहे, असं मी ठणकावून सांगितलं. त्यांनी निवेदनच पुढे केलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून सांगतो, उगाच ‘फेक’ म्हणू नका. अनेकदा बातमी खरी असते, तिचा अर्थ चुकीचा लावलेला असतो.

गट फक्त एवढंच सांगतो की पुरावा किती पक्का आहे. धोका किती मोठा, हे तो सांगत नाही. त्याच संस्थेने दिलेले अंदाज पाहा: प्रक्रिया केलेलं मांस भरपूर खाण्यामुळे जगात वर्षाला सुमारे 34 हजार कर्करोगमृत्यू, तंबाखूमुळे सुमारे 10 लाख.

आता टक्का. रोज 50 ग्रॅम असं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो, असं निवेदनात होतं. वाचणाऱ्याला वाटतं, शंभरातल्या अठरा जणांना होणार. तसं नाही. कागद घ्या आणि आधी लिहा: मुळात शंभरातल्या किती जणांना होतो? ब्रिटनमध्ये आयुष्यभरात साधारण 6. सहाचे 18 टक्के म्हणजे जेमतेम 1. म्हणजे सहाचे सात झाले. भारतात हा कर्करोग मुळातच बराच कमी, त्यामुळे इथली वाढ त्याहून लहान. मूळ आकडा सापडत नसेल तर त्या टक्क्यावर वाद घालूच नका, कोणाच्याही बाजूने.

‘दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही’ हे वाक्य प्रत्येक अभ्यासावर फेका, असा सल्ला हमखास मिळतो. मला त्याची चीड येते. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातं 1950 च्या सुमारास सिद्ध होत गेलं, तेही माणसांच्या सवयी आणि आजार यांच्या नोंदींवरूनच. किती माणसं, किती वर्षं, इतर कारणं वेगळी काढली का, हे विचारा.

उत्तर लिहिताना समोरच्याचं जे बरोबर आहे ते पहिल्या ओळीत मान्य करा, आकडेमोड दुसऱ्या ओळीत. तिसरी ओळ लागत नाही.

मामांना मी पुढे तसंच लिहिलं: ‘गट एकच आहे, तुमचं बरोबर. पण सहाचे सात होतात, तेही रोज खाल्लं तर.’ त्यांनी विचारलं, ‘मग महिन्यातून एकदा चालेल?’ त्यावर आम्ही पहिल्यांदाच नीट बोललो.